तुम्ही मुके नव्हतात

अहो, भेटायला येणारी माणसं एकच बोलून जातात. "सुटले बिचारे. दोन वर्षं तोंडातून शब्द नाही, काय ते जगणं." मी मान हलवते आणि चहा ठेवू का विचारते. पहिले तीन-चार दिवस मी प्रत्येकाला सांगायचे, की नाही हो, बोलत होते ते. मग ती माणसं एकमेकांकडे बघायची. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांना वाटत असणार. आता मी सांगणं सोडून दिलंय. पण तुमच्यापाशी तरी खरं बोलायला हवं. तुम्ही मुके नव्हतात. तुम्ही बोलत होता आणि घरातल्या माणसाला ते ऐकू येत नव्हतं. ते माणूस मी.

तेरावा झाला आणि राधिका परवा हैदराबादला गेली. "आई, तिकडे चल," म्हणत होती. बघू म्हटलं. ती गेल्यावर मी सगळ्या खोल्यांतून एकदा फिरून आले. शुक्रवार पेठेतलं आपलं घर ते केवढं, फिरायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग पलंगाच्या कडेवर बसले. तुम्ही असताना मी तिथं बसून तुमच्या उत्तराची वाट बघायचे. परवाही सवयीनं तशीच बसून राहिले.

आपली ओळखच चुकांवरून झाली होती. सात रस्त्याजवळच्या छापखान्यात तुम्ही मुद्रितं तपासायला बसायचात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची कॅलेंडरं. मराठी, कन्नड, तेलुगू, सगळं तुमच्या टेबलावरून जायचं. मी शाळेच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका छापायला दिली होती. कच्ची प्रत हातात आली तर तिच्यात एक चूक. मी ती तोऱ्यात तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, माझा हाताने लिहिलेला कागद काढलात आणि त्यातल्या तीन चुकांवर पेन्सिल टेकवलीत. "ही एक चूक आमची, बाई, आणि ह्या तीन तुमच्या." मला राग आला आणि घरी जाईपर्यंत हसूही आलं. असं मराठी लिहिणारा माणूस घरी आईशी तेलुगूत बोलत असेल, हे मला तुमचं आडनाव कळेपर्यंत सुचलंही नव्हतं.

मोहोळच्या आमच्या माणसांनी लग्नाला केवढा विरोध केला, ते तुम्ही पाहिलं आहे. ते काही आज उगाळत नाही. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या एका दिवसाबद्दल.

राधिका दोन वर्षांची होती. शहराच्या पूर्व भागात तुमच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे, आठवडाभर राहून आली आणि घरात पाऊल टाकताच पाणी मागताना "नीळ्ळु" म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मी अक्कांकडे गेले. त्या तेव्हा विड्या वळायच्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "तिच्याशी मराठीतच बोलत जा." अक्कांच्या हातातलं पान तसंच हातात राहिलं. घरी तुम्ही एवढंच म्हणालात, "येऊ दे की तिला दोन्ही."

"आधी एक तर धड येऊ दे," मी म्हटलं.

"बरं," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर आपल्या घरात तेलुगू ऐकू आली नाही. दर रविवारी तुम्ही अक्कांच्या ओट्यावर बसून पोटभर बोलून यायचात आणि आपल्या दारात चपला काढल्या की तुमची भाषाही बदलायची. वाद झालाच नाही. तुम्ही "बरं" म्हणालात, आणि मी जिंकले असं समजून पुढच्या कामाला लागले.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो सोमवार. सकाळचा चहा घेत होता. कप उजव्या हातातून निसटला. "काय हो," मी म्हटलं. तुम्ही काहीतरी बोललात. चढउतार रोजच्या बोलण्यासारखाच होता, पण त्यात एकही शब्द नव्हता. नुसते आवाज. तुम्ही स्वतःच ते ऐकून दचकलात आणि पुन्हा बोलून पाहिलंत. आणि मी, आयुष्यभर पहिलीच्या पोरांना शिकवलेली बाई, तुम्हाला म्हणाले, "नीट बोला."

तुमच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला मला त्यानंतर दिसला. मग शेजाऱ्यांची रिक्षा, दवाखाना, सह्या, सलाईन. पण त्या क्षणी माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. राधिकालाही नाही.

मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टर म्हणाले, हातपाय हळूहळू सुधारतील, पण भाषेच्या जागेला मार बसलाय. वाचाघात म्हणतात याला, अफेजिया. मी विचारलं, "आणि डोकं?" ते म्हणाले, "बुद्धी शाबूत आहे बाई. माणसं ओळखतात, बरंचसं समजतं. बोलायला गेलं की शब्द सापडत नाही." मी मान डोलावली. समजलं मात्र काहीच नव्हतं.

तीन दिवस मी तुमच्या कानाशी वाकून म्हणत होते, "पाणी हवं? पाणी म्हणा. पा, णी." तुम्ही माझ्या ओठांकडे बघत राहायचात. कधी "टी, टी" असं काहीतरी यायचं. चौथ्या दिवशी अक्का आल्या. दारातूनच त्यांनी हाक मारली, "एम्रा तम्मुडू?" काय रे धाकट्या, असं. जवळ येऊन कपाळावर हात ठेवला. आणि तुम्ही स्वच्छ बोललात, "अक्का. नीळ्ळु."

सलाईन बघणाऱ्या सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. अक्का रडायला लागल्या. मी पाण्याचा पेला हातात घेऊनच उभी होते. तो अक्कांना दिला आणि त्यांनी तुम्हाला पाजलं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण त्याच वेळी आतून दुसरंही काहीतरी झालं. तुम्ही माझ्यादेखत मला सोडून कुठंतरी निघून गेलात, असं वाटलं.

घरी आणल्यावर मी माझी जुनी ट्रंक उघडली आणि शाळेतले तक्ते काढले. कमळ, खडू, गवत. एकेक तुमच्यासमोर धरायचे. "हे काय आहे? सांगा बरं." तुम्ही पहिले दोन दिवस सहन केलंत. तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं सगळे तक्ते पलंगावरून खाली लोटलेत आणि भिंतीकडे तोंड केलंत. नेमक्या तेव्हाच तेजश्री मॅडम पहिल्यांदा घरी आल्या. वाचा-उपचार करणारी मुलगी, आपल्या राधिकाहून लहान. तिनं जमिनीवरचे तक्ते गोळा केले, नीट गठ्ठा केला आणि माझ्या हातात दिला.

"काकू, कमळ काय असतं ते काकांना माहिती आहे. त्यांना शिकवायचं नाहीये. जे आहे ते बाहेर यायला वाट करून द्यायची आहे."

मग तिनं मला नियम सांगितले. प्रश्न एका वेळी एकच विचारायचा. विचारून झाल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, गरज पडली तर वीसपर्यंत. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. फारच अडलं तर पहिलं अक्षर द्यायचं. मोठ्यानं बोलायचं नाही, ते बहिरे नाहीत. बोटानं दाखवलं, खूण केली, कागदावर काढलं, तरी ते बोलणंच धरायचं. "आणि काकू, चूक म्हणायचं नाही."

बाकी सगळं मला जमलं असतं. हे शेवटचं मात्र फार जड गेलं.

तिनं विचारलं, "घरात भाषा कुठली?" मी मराठी म्हटलं. कोपऱ्यात बसलेल्या अक्का म्हणाल्या, "लहानपणी तेलुगूच की वं. मराठी साळंत गेल्यावर." मुलीनं ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाली, "मला तेलुगू येत नाही. पण जी भाषा आधी येतेय तिचाच हात धरायचा. दुसरी कधी तिच्यामागून येते, कधी येत नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं. अक्का, तुम्ही बसाल माझ्याबरोबर?"

अक्का रोज दुपारी यायला लागल्या. मॅडमनी पुस्तकातली चित्रं बाजूला ठेवायला लावली. तुमचा चष्मा, दाढीचा ब्रश, छापखान्यातल्या जुन्या पत्रिका, घरातले फोटो, असं सगळं तुमचंच समोर मांडायचं. अक्का वाक्य सुरू करायच्या, अर्ध्यावर सोडायच्या आणि तुम्ही शेवटचा शब्द टाकायचात. कधी तुमच्या आईची अंगाईची चाल धरायच्या. बोलताना जो शब्द अडून बसायचा तो गाताना आपोआप यायचा. मॅडम म्हणाल्या, होतं असं, गाण्याची वाट मेंदूत जरा वेगळी असते.

हे सगळं मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. एकदा तुम्ही दोघं खूप हसलात. आजारपणानंतरचं तुमचं पहिलं हसू. मी कणीक मळत होते. कशाला हसलात ते मला कळलं नाही, आणि विचारून तुम्हाला सांगता आलं नसतं. माझ्याशी तुम्ही खुणांनी बोलायचात. मी समोर आले की तुमचा चेहरा तोंडी परीक्षेला उभ्या केलेल्या पोरासारखा व्हायचा. चार भिंती त्याच, भांडी तीच आणि माझ्याच घरात माझ्याशी बोलायला कुणी नाही.

मी मग एक वाईट गोष्ट केली. अक्कांना म्हटलं, "उन्हाचं रोज कशाला येता? मी करीन की." त्या शहाण्या. समजल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत.

तुम्ही बोलणं बंद केलंत. मराठी नाही, तेलुगू नाही, खुणाही नाहीत. पाचव्या दिवशी ताट पुढे सरकवून दिलंत. शुक्रवारी मॅडम आल्या, म्हणाल्या, "अक्का कुठायत?" मी सांगितलं, त्यांना बरं नाही. तुम्ही मान वळवलीत, माझ्याकडे बघितलंत आणि डावा हात उचलून बोट सरळ माझ्यावर रोखलंत. त्या मुलीसमोर. बुद्धी शाबूत आहे म्हणजे काय, ते मला त्या बोटानं सांगितलं.

संध्याकाळी मी पूर्व भागात गेले. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी खाली पायरीवर बसले.

"मला शिकवा," म्हटलं.

"काय?"

"तुमची भाषा."

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "आत्ता सुचलं व्हय गं तुला? अडतीस वर्सांनी?"

त्यांनी सूप पुढे ढकललं. "घे, निवड. ह्याला काय म्हंत्यात? बिय्यम्."

"बिय्यम्."

"हां. आणि उद्या मी येते. पण तू सयपाकघरात बसायचं न्हाई. आमच्यात बसायचं."

तर अशी मी बासष्टाव्या वर्षी विद्यार्थिनी झाले. तुम्ही आठवडाभर सकाळी "पालु, पालु" म्हणत होता आणि मी झाडू घेऊन भिंतीवर पाल शोधत होते. पालु म्हणजे दूध. हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांना हसता हसता ठसका लागला. रात्री झोपायच्या आधी मी शब्द घोकायचे, आणि सकाळी निम्मे विसरलेले असायचे. तेव्हा कुठं मला थोडं कळलं, की शब्द ओठांवर असून न येणं कसं असतं. तुमच्या मानानं ते काहीच नव्हतं.

पहिलं वाक्य तुमच्याशी बोलायला मी चार दिवस धीर गोळा केला. पेला घेऊन आले आणि म्हटलं, "निळू कावाला?" पाणी हवं का, असं विचारायचं होतं मला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. कोण हा निळू, असा चेहरा. मग पेला माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलात आणि सावकाश म्हणालात, "नीळ्ळु." मी म्हटलं, "निळ्ळू." तुम्ही मान हलवलीत, डाव्या हातानं हवेत मुद्रितातली दुरुस्तीची खूण काढलीत, काट मारून वर नवं अक्षर, आणि पुन्हा म्हणालात, "नी. ळ्ळु." पाच वेळा म्हणून घेतलंत. पाचव्या वेळी बरोबर आलं तेव्हा तुम्ही पाणी प्यायलात.

मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीवरून उठल्याच. "काकू, इतके दिवस आपण त्यांच्याकडून शब्द मागत होतो. आता ते तुम्हाला देतायत. यापेक्षा चांगला व्यायाम मी नसता दिला." मग तिनं ठरवलं, की जोड्या लावायच्या. तेलुगू शब्द तुम्ही मला सांगायचा, मी तोच मराठीत म्हणायचा, घाई न करता, उत्तर न मागता. अक्का परीक्षक.

असे दोन महिने गेले. एके दुपारी आमटीचा घास घेऊन तुम्ही म्हणालात, "उप्पु." आणि थांबलात. कपाळाला आठ्या घातल्यात. काहीतरी शोधताय हे दिसत होतं. मीठ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता, मी दात आवळून बसले. दहा झाले. वीस झाले. तिसापर्यंत गेले असेन.

"मीठ," तुम्ही म्हणालात. आणि मग, "मीठ न्हाई."

खरंच नव्हतं. मी घालायला विसरले होते.

तुमचं मराठी सगळं परत आलं, असं मी म्हणणार नाही. तुकडे आले. ताजेतवाने असलात की चार-पाच शब्दांचं वाक्य यायचं. दमलात की दोन्ही भाषा एकमेकींत अडकायच्या आणि तुम्ही चिडून मांडीवर मूठ आपटायचात. पेपर समोर धरलात की अक्षरं ओळखायचात आणि ओळीचा अर्थ मात्र पूर्ण लागायचा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचून ज्यानं शुद्ध केलं, त्याचं ते पेपर घडी घालून ठेवणं मला बघवायचं नाही. मी आत जायचे.

पण हमीदाच्या भाजीच्या गाड्यावरची ती सकाळ मी कुणाला देणार नाही. मॅडमनी एकच वाक्य तीन आठवडे घोटून घेतलं होतं, "अर्धा किलो वांगी द्या." आधी घरात, मग दारात, मग अक्का भाजीवाली होऊन. मग खरंखुरं. तुम्ही काठी टेकत गाड्यापाशी उभे राहिलात. हमीदा म्हणाली, "बोला चाचा, काय देऊ?" तुम्ही तोंड उघडलंत. काही आलं नाही. मागून एकजण म्हणाला, "व्हा की हो पुढं." माझी बोटं पदरात मोजत होती. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि मी नजर टोमॅटोंवर ठेवली.

"अर्धा," तुम्ही म्हणालात. "अर्धा किलो." मग बराच वेळ काही नाही. आणि शेवटी, "वंकाय."

तीन आठवडे घोटलेला नेमका तोच शब्द तेलुगूत निघाला. पण हमीदा तराजूत वांगी टाकायलासुद्धा लागली होती. "वंकाय म्हंजे वांगीच की चाचा. हितं गाड्यावर सगळ्या भाषा चालत्यात." तुम्ही पिशवी डाव्या हातात घेतलीत. घरापर्यंत माझ्याकडे दिली नाहीत.

आता जे राहिलं ते.

गेल्या महिन्यात एका दुपारी अक्का आल्या नव्हत्या. आपण दोघंच होतो. मी ठरवलं, आज सांगायचं. तुमच्या शेजारी बसले आणि म्हटलं, ऐका. राधिकाला तेलुगू बोलू दिलं नाही, ते का, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी आमचे आबा पहिल्यांदा आपल्याकडे आले होते, आठवतं? तुमच्या आई तेव्हा होत्या. जेवताना तुम्ही मायलेक तुमच्या भाषेत काहीतरी बोलत होता, साधंच असणार, भाजी वाढ, भात वाढ. आबा मान खाली घालून जेवले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना ते म्हणाले, "तुझ्याच घरात तू पाव्हणी हाईस गं." एवढंच. गाडी गेली. ते वाक्य माझ्या अंगात शिरलं ते निघालंच नाही. मग माझ्या पोटच्या पोरीनं पाण्याला नीळ्ळु म्हटलं आणि मला वाटलं, आता हीसुद्धा तिकडची झाली.

मी हे सगळं मराठीत सांगत होते. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता, सगळं कळत होतं तुम्हाला. मी पुढं बोलणार होते. चुकलं माझं, म्हणणार होते. तुमची भाषा मी तुमच्या तोंडातून काढून घेतली आणि तुम्ही एवढी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत, हे म्हणणार होते. तेवढ्यात तुम्ही डावा हात उचललात, तळवा माझ्याकडे केलात आणि म्हणालात, "चालु."

मी थांबले. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. हे मला तोवर ठाऊक झालं होतं, म्हणून थांबले. थोड्या वेळानं तुम्हाला झोप लागली. मग मला वाटलं, मराठीतलं चालू असेल तर? चालू दे, बोलत राहा, असं म्हणायचं असेल तर? तुमच्या तोंडून दोन्ही भाषा कुठल्याही क्षणी निघत. उठल्यावर विचारावं, असं ठरवलं. उठलात तेव्हा दूध मागितलंत आणि मी दूध आणायला गेले. नंतर विचारायला अकरा दिवस होते. विचारलं नाही. तुम्हाला पुन्हा परीक्षेला बसवल्यासारखं होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

अकराव्या दिवशी दुसरा झटका आला. दवाखान्यात दोन दिवस होता. डोळे उघडले नाहीत. मी तुमच्या कानाशी दोन्ही भाषांत बोलले. तेलुगूत मला जेवढं येत होतं तेवढं संपलं, मग पुन्हा पहिल्यापासून बोलले.

अक्कांना मी त्या दुपारचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हात कसा केला हुता, दाखव." मी दाखवला. "जेवताना करायचा तसा. लहानपणी बी. पोट भरलं की." मग थांबून म्हणाल्या, "पर कंटाळला तरी तसाच करायचा की गं." अक्का खोटा धीर देत नाहीत. म्हणून तर त्यांच्याकडे जावंसं वाटतं.

राधिका जाताना म्हणाली, "ऑफिसात माझं आडनाव ऐकून माणसं तेलुगूत सुरू करतात आणि मी हसून इंग्रजीवर येते. आई, बाबांशी शेवटी मला त्यांच्या भाषेत बोलता आलं असतं गं." तिनं दोष दिला नाही. नुसतं सांगितलं. त्या दिवशी तुमचं म्हणणं बरोबर होतं. येऊ द्यायला हवी होती तिला दोन्ही. हे मी लेखी देते.

आणि हेही लेखी देते, की ही दोन वर्षं सोसायची होती म्हणून सोसली, असं नाही. बरं असताना आपण बोलायचो ते गॅसचं बुकिंग, पाण्याची पाळी, राधिकाचा फोन. एकेक शब्दासाठी एवढा वेळ समोरासमोर आपण आधी कधी बसलो होतो? तुमचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. उत्तराची वाट बघायची तुम्ही मला सवय लावलीत. ती आता जात नाही. फोनवर लोक म्हणतात, "हॅलो, आहात ना?" मी दहापर्यंत मोजत असते.

काल दुपारी अक्कांकडे गेले होते. ओट्यावर बसलो होतो. समोरच्या घरातली एक म्हातारी येऊन बसली, नवीनच राहायला आलीय. तिनं माझ्याकडे बघून अक्कांना विचारलं, ही कोण? अक्का म्हणाल्या, "मा मरदलु." आमची भावजय. त्यावर म्हातारी माझ्याकडे वळली आणि मी त्यांच्यातलीच समजून तेलुगूत बोलायला लागली. कुठं राहतेस. शुक्रवार पेठेत, मी सांगितलं. काय करतेस. शाळेत शिकवत होते. अडखळत का होईना, मी उत्तरं देत होते आणि अक्का मध्ये पडत नव्हत्या.

मग तिनं विचारलं, "इंट्लो एंतमंदि?" घरात किती जणं असता?

हा प्रश्न तुम्ही माझ्याकडून कधी करून घेतला नव्हता, त्याचं उत्तरही नाही. पण अक्का विधवा, बरीच वर्षं एकट्याच राहतात, स्वतःबद्दल कुणाला सांगताना त्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. ते मला आलं, न मोजता, लगेच.

"नेनु ओक्कदान्ने," मी म्हटलं. मी एकटीच.

म्हातारीला कमी ऐकू येत होतं. तिनं कानामागे हात धरला आणि पुढे वाकून म्हणाली, "आँ?"

मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.